खडकातलं पाणी सरासरीने वाहत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मुंबईत रिझर्व्हॉयर इंजिनिअरिंगचं शिक्षण घेत आहेत आणि त्यांच्या प्रकल्पात चुनखडीच्या एका थराचा अभ्यास आहे. हाताशी पाच कोअर प्लगची (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडातून, म्हणजे कोअरमधून, कापलेल्या लहान तुकड्यांची) पारगम्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, आहे: 3, 12, 45, 160 आणि 900 मिलिडार्सी (पारगम्यतेचं एकक). मॉडेलमध्ये या थरासाठी एकच आकडा भरायचा आहे, तर सरासरी कोणती घ्यावी? दुसरं, त्याच खडकाच्या कोअरमधून मिठाच्या पाण्याचा ट्रेसर (प्रवाहाचा माग काढायला सोडलेलं द्रव्य) सोडला आणि तो बाहेर कधी किती येतो ते मोजलं, तर पुस्तकात असते तशी घंटेच्या आकाराची वक्ररेषा मिळाली नाही. ट्रेसर अपेक्षेपेक्षा लवकर आला आणि नंतर त्याची शेपटी संपता संपेना. प्रयोग चुकला का?

प्रयोग चुकला असण्याची शक्यता मला कमी वाटते. आणि हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. दोन्हीकडे खडकाचं वर्णन एका आकड्यात होईल असं तुम्ही गृहीत धरलं आहे: पहिल्या प्रश्नात एका पारगम्यतेत, दुसऱ्यात एका वेगात आणि त्याभोवतीच्या साध्या पसाऱ्यात. मी आधी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या चुनखडीवर काम केलं, नंतर मुंबई-ठाण्याच्या बेसॉल्टमधल्या भूजलावर. खडक अगदी वेगळे, पण दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. प्रवाह सगळ्या खडकात सारखा वाटला जात नाही. थोड्या वाटांवरून बहुतेक सगळं पाणी जातं आणि उरलेल्या खडकात ते जवळजवळ थांबलेलं असतं. त्यामुळे सरासरी किती, यापेक्षा वाटणी कशी आहे आणि मोठे आकडे एकमेकांना जोडलेले आहेत का, हे आधी विचारावं लागतं.

आता तुमचे आकडे घेऊ. पाचांचा अंकगणिती मध्य 224 मिलिडार्सी येतो, भूमितीय मध्य (पाचांच्या गुणाकाराचं पाचवं मूळ) सुमारे 47 आणि हरात्मक मध्य (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) सुमारे 11. त्याच पाच प्लगमधून वीसपट फरकाची उत्तरं निघतात, आणि गंमत म्हणजे तिन्ही बरोबर आहेत. हे पाच प्लग सारख्या जाडीच्या, एकमेकांवर पसरलेल्या पाच थरांचे असतील आणि प्रवाह थरांना समांतर असेल, तर 224 हे अचूक उत्तर आहे. तेव्हा एकूण प्रवाहाचा 80 टक्के भाग एकट्या 900 मिलिडार्सीच्या थरातून जातो. त्याच थरांना काटकोनात छेदून प्रवाह जात असेल तर अचूक उत्तर 11. तेव्हा दाबाच्या एकूण घटीपैकी तीन चतुर्थांश घट 3 मिलिडार्सीच्या एका थरातच होते, आणि 900 चा थर 9000 चा असता तरी काही बिघडलं नसतं. म्हणजे एका दिशेत सगळा कारभार सर्वात मोठ्या आकड्याच्या हातात, दुसऱ्या दिशेत सर्वात लहान आकड्याच्या.

खडक थरांचा नसून पारगम्यतेचे ठोकळे इतस्ततः विखुरलेले असतील तर उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. वॉरन आणि प्राइस यांनी 1961 मध्ये संगणकावर अशा ठोकळ्यांतून प्रवाह सोडून पाहिला आणि परिणामी पारगम्यता भूमितीय मध्याच्या जवळ येते असं दाखवलं. पुढे 1967 मध्ये जॉर्ज माथेरॉन यांनी सिद्ध केलं की द्विमितीत, लॉग-नॉर्मल वाटणी (आकड्यांचे लॉगॅरिदम घंटेच्या आकारात पसरलेले) असेल आणि कोणतीही दिशा खास नसेल, तर भूमितीय मध्य हेच नेमकं उत्तर आहे. त्रिमितीत आकडा थोडा वर जातो, कारण अडथळ्याला वळसा घालायला एक जादा दिशा मिळते. पारगम्यतेच्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) लहान असेल तेव्हा भूमितीय मध्याला e च्या, व्हेरियन्स भागिले 6, इतक्या घाताने गुणतात. तुमच्या पाच आकड्यांचा व्हेरियन्स साधारण 3.9 ते 4.9 च्या दरम्यान आहे, त्यावरून 90 ते 107 मिलिडार्सी मिळतील. पण इतक्या मोठ्या व्हेरियन्सला ते सूत्र नुसता अंदाज आहे, आणि पाच प्लगवरून काढलेला व्हेरियन्स स्वतःच डळमळीत असतो. एक सहावा प्लग आला की तो बदलेल.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर हे: चुनखडी थरांची असेल तर आडव्या दिशेला अंकगणिती मध्याच्या जवळचा आकडा, उभ्या दिशेला हरात्मक मध्याच्या जवळचा. एकच आकडा दोन्ही दिशांना भरू नका. मात्र दाब आणि एकूण प्रवाह यांच्यापुरतंच हे चालतं. पाणी विहिरीत कधी पोचेल हा प्रश्न आला की यातला एकही आकडा उपयोगी पडत नाही.

कारण साधं आहे. पाचही थरांची सच्छिद्रता (खडकातल्या पोकळीचं प्रमाण) सारखी असेल तर 900 च्या थरातलं पाणी 3 च्या थरापेक्षा तीनशेपट वेगाने पुढे सरकतं. जलद थरातलं पाणी उत्पादन विहिरीपर्यंत पोचेल तेव्हा मंद थरातलं पाणी त्या अंतराचा तीनशेवा भागच चाललेलं असेल. तुम्ही मॉडेलमध्ये 224 भरलंत तर एकूण प्रवाह अगदी बरोबर येईल, पण पाणी प्रत्यक्ष येण्याच्या चौपट काळाने येईल असं मॉडेल सांगेल. मॉडेलमधली चार वर्षं, विहिरीवर एक. आणि पाणी आल्यानंतर बाकीच्या थरांतलं तेल मागे राहिलेलं असेल, त्याचा मॉडेलला पत्ताच नसेल.

आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर असलेलं मुंबई हाय हे क्षेत्र 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने शोधलं. तिथला मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे आणि ती चुनखडी एकसंध नाही. मधेमधे शेलचे (घट्ट चिखलदगडाचे) पातळ पट्टे आहेत, आणि चुनखडीच्या थरांचे गुणधर्मही सारखे नाहीत. अशा खडकात पाणी ढकलून तेल काढायचं तर थरागणिक वेगळा वेग हाच कळीचा मुद्दा असतो. तेल उद्योगाने हे फार पूर्वी ओळखलं. डायकस्ट्रा आणि पार्सन्स यांनी 1950 मध्ये या विषमतेसाठी 0 ते 1 मधला एक गुणांक दिला: पूर्ण एकसारखा खडक 0, कमालीचा विषम 1. प्रत्यक्षातले बहुतेक साठे 0.5 ते 0.9 मध्ये पडतात. तुमचे पाच प्लग लॉग-नॉर्मल मानले तर गुणांक 0.86 ते 0.89 येतो, म्हणजे तुम्ही विषमतेच्या वरच्या टोकाला आहात. अशा खडकाला एक आकडा देणं मला पटत नाही.

पारगम्यता इतकी का पसरते, हे समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. सच्छिद्रता मोजताना पोकळीचं आकारमान मोजलं जातं, आणि ते एका थरात फार बदलत नाही: 15 टक्के, 20 टक्के, 25 टक्के. पारगम्यता मात्र पोकळ्यांमधल्या गळ्याच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि तीही वर्गाने. एका बारीक नळीचा विचार केलात तर तिच्यातला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो: त्रिज्या दुप्पट, प्रवाह सोळापट. सपाट भेगेत तो रुंदीच्या घनाने वाढतो: रुंदी दुप्पट, प्रवाह आठपट. कणांच्या आकारातला, सिमेंटेशनमधला (कण खनिजांनी चिकटण्यातला), विरघळण्यातला लहानसा फरक या घातांमुळे प्रवाहात प्रचंड होऊन बसतो. शिवाय हे परिणाम एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. अनेक स्वतंत्र गोष्टींचा गुणाकार झाला की त्याचा लॉगॅरिदम घंटेच्या आकाराकडे झुकतो. पारगम्यतेची वाटणी साधारण लॉग-नॉर्मल दिसते त्यामागचं हे कारण, आणि 1944 पासून तेलक्षेत्रांच्या कोअरमध्ये ते नोंदलं गेलं आहे.

पण लॉग-नॉर्मल म्हटलं की काम झालं असं मानू नका. हिस्टोग्रामला, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येतो याच्या आलेखाला, जागा कळत नाही. 900 मिलिडार्सीचे ठोकळे एका ओळीत लागलेले असोत वा एकेकटे विखुरलेले, हिस्टोग्राम तोच राहतो. पाण्याच्या दृष्टीने मात्र ते दोन पूर्ण वेगळे खडक आहेत. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

यासाठी मुंबईच्या पायाखालचा खडक पाहण्यासारखा आहे. दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाचा, प्रवाह थंड होताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. अशा खडकाला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. त्याचा ताजा तुकडा हातात घेतला तर भोकंच भोकं दिसतात, काही झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेली, काही रिकामी. तरी त्यातून पाणी सहजी जात नाही, कारण भोकं एकमेकांना जोडलेली नसतात. तोच मांजऱ्या कुजला, त्यात बारीक भेगा पडल्या, की पाणी धरतो आणि देतोही. खालचा काळा पाषाण घट्ट असतो, पण त्यात उभ्या-आडव्या सांध्यांचं जाळं असेल तर पाणी तिथून येतं. म्हणूनच उपनगरातल्या एकाच सोसायटीच्या आवारात एका बोअरला भरपूर पाणी लागतं आणि थोड्याच अंतरावरची दुसरी कोरडी जाते. दोन्हीचा खडक एकच, सच्छिद्रताही जवळपास तीच. पाणाड्याला दोष देण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

जोडणीच्या या प्रश्नाचं गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी 1957 मध्ये मांडलं. त्याला पर्कोलेशन म्हणतात. ब्रॉडबेंट यांच्यापुढचा प्रश्न वायूच्या मुखवट्यातल्या कार्बनमधून वायू आरपार जाईल का, असा होता. कल्पना अशी: जाळीतली प्रत्येक जागा नाणेफेकीने उघडी किंवा बंद ठरवायची आणि पाहायचं की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग वाट होते का. उघड्या जागांचं प्रमाण हळूहळू वाढवलं तर वाट हळूहळू तयार होत नाही. एका ठरावीक प्रमाणाखाली मोठ्या जाळीत आरपार वाट मिळतच नाही आणि ते ओलांडलं की मिळते. चौकोनी सपाट जाळीत हा उंबरठा 0.593 आहे, घनाकृती त्रिमितीय जाळीत 0.312. त्रिमितीत तो खाली येतो, कारण वाटा जास्त असतात. पातळ थर आणि जाड थर यांत इतका फरक का पडतो, हे यातून कळतं: पातळ थरात पाण्याला वळसा घालायला जागाच नसते.

उंबरठ्याच्या जवळचा खडक सांख्यिकीच्या दृष्टीने फार अवघड असतो. आरपार जाणारी वाट असते, पण ती एखाद-दोन अरुंद दुव्यांवर टेकलेली असते. एक दुवा मिटला तर सगळा प्रवाह थांबतो. अशा ठिकाणी दोन शेजारच्या मापांत हजारपट फरक येणं हे मापनाच्या चुकीचं लक्षण मानू नये.

मुंबईच्या पोटातून पाण्याचे आणि मेट्रोचे जे बोगदे खणले गेले, त्यांच्या तपासणीत ल्युजॉन चाचणी नेहमी करतात. बोअरचा एक तुकडा वर-खाली पॅकरने (फुगणाऱ्या बुचाने) बंद करायचा, त्यात दाबाने पाणी सोडायचं आणि किती पाणी खडक पितो ते मोजायचं. 10 बार दाबाला दर मीटरला दर मिनिटाला एक लिटर पाणी गेलं तर 1 ल्युजॉन. बेसॉल्टमध्ये बहुतेक तुकडे शून्याच्या आसपास असतात आणि मधूनच एखादा सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त पाणी घेतो. अहवालात त्यांची सरासरी लिहिली की ना कोरड्या भागाचं खरं वर्णन होतं, ना ओल्या भागाचं. बोगद्याच्या भिंतीवरही हेच दिसतं: लांबच लांब कोरडा खडक आणि एखाद्या सांध्यातून, लाल बोलाच्या (लाव्हा-थरांमधल्या लाल मातकट थराच्या) पट्ट्यालगत किंवा दोन लाव्हा-प्रवाहांच्या सीमेवर येणारी धार. पंप त्या धारेसाठी ठेवावा लागतो. सरासरीसाठी ठेवलेला पंप कमी पडतो.

आता अगदी खाली, रंध्रांच्या पातळीवर जाऊ, कारण तुमचा ट्रेसर तिथे खेळतो. हेन्री डार्सी यांनी 1856 मध्ये दीजों शहरातल्या वाळूच्या स्तंभांवरून नियम मांडला: प्रवाह दाबाच्या उताराच्या प्रमाणात. हा नियम लाखो रंध्रांच्या बेरजेचा आहे. एकेका रंध्रातला वेग त्यात दिसत नाही. तो दिसावा म्हणून काच आणि द्रव यांचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) जुळवून, काचेच्या मण्यांच्या पारदर्शक ढिगाऱ्यात सूक्ष्मदर्शकाने वेग मोजले गेले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात वेगांची वाटणी घातांकी निघाली: मंद वेग सर्वांत जास्त, आणि वेग वाढेल तसं प्रमाण झपाट्याने कमी, पण घंटेच्या वक्ररेषेत होतं तितक्या झपाट्याने नाही. म्हणजे सरासरीच्या अनेकपट वेगाने धावणारं थोडं पाणी नेहमीच असतं. आणि हे मणी जवळजवळ सारख्या आकाराचे होते. निसर्गातल्या चुनखडीत याहून कितीतरी जास्त पसारा असणार.

समान मण्यांतही असं का व्हावं? रंध्रांच्या जाळ्यात प्रत्येक सांध्यावर प्रवाह फुटतो आणि पुढच्या सांध्यावर दुसऱ्या फाट्याशी मिळतो. फुटताना तो सारखा फुटत नाही, रुंद गळ्याकडे जास्त जातो. हे फुटणं-मिळणं पुन्हा पुन्हा झालं की काही मार्गांवर प्रवाह गोळा होतो आणि काही मार्ग उपाशी राहतात. यात शेजारशेजारच्या गळ्यांचा आकार एकमेकांशी कसा जुळतो, याला एकट्या आकारांच्या वाटणीपेक्षा जास्त महत्त्व आहे. वर मोठ्या थरांबद्दल जे म्हटलं तेच इथे मायक्रोमीटरच्या मापात.

तुमच्या ट्रेसरची घंटा का मोडली ते आता पाहू. घंटेच्या वक्ररेषेमागे एक गृहीत आहे: ट्रेसरचा प्रत्येक कण पावलागणिक नवा वेग निवडतो आणि आधीचा वेग विसरतो. अशी पुष्कळ स्वतंत्र पावलं मिळवली की मध्यवर्ती सीमा प्रमेय लागू होतं, बेरजेची वाटणी घंटेच्या आकाराची होते आणि पसारा वेळेच्या वर्गमुळाने वाढतो. खडकात कण असं विसरत नाही. चर्चगेटला फास्ट लोकल पकडलेला माणूस दादरपर्यंत फास्टच राहतो. मधल्या प्रत्येक स्टेशनावर त्याची गाडी नव्याने ठरत नाही. जलद वाटेला लागलेला कण तसाच ती वाट जिथवर सलग आहे तिथवर जलदच जातो. मंद कोपऱ्यात शिरलेला मंदच राहतो, आणि त्याचं पाऊल वेळेच्या हिशेबात फार लांब असतं, कारण तिथून निघायलाच त्याला खूप काळ लागतो. सलग जलद वाटांमुळे ट्रेसर लवकर आला. मंद कोपऱ्यांनी त्याची शेपटी लांबवली. तुमच्या वक्ररेषेत या दोन्ही खुणा आहेत.

या लांब थांब्यांचं गणित खडकासाठी जन्मलेलं नाही. माँट्रॉल आणि वाइस यांनी 1965 मध्ये सतत-काळ यादृच्छिक भ्रमण मांडलं, आणि शेर व माँट्रॉल यांनी 1975 मध्ये ते झेरॉक्स यंत्रात वापरतात तशा अस्फटिकी पदार्थांतल्या विद्युतभारांना लावलं. तिथेही भार अडकायचे, सुटायचे, आणि प्रवाहाची शेपटी संपत नसे. भेगाळ खडकातल्या ट्रेसरला हेच गणित लागू पडतं हे 1990 च्या दशकात दाखवलं गेलं. थांब्याच्या वेळेची वाटणी घातनियमाने उतरत असेल, म्हणजे वेळ t च्या उणे (1 अधिक बीटा) या घाताने, तर सगळं बीटा या आकड्यावर ठरतं. बीटा 2 च्या वर असेल तर उशिरा का होईना घंटा परत मिळते. 1 ते 2 मध्ये असेल तर थांब्याची सरासरी असते, पण व्हेरियन्स अनंत असतो. 1 च्या खाली गेला तर सरासरीसुद्धा नसते. प्रयोग जितका लांबवाल तितकी ती वाढतच जाते. अशा खडकात 'सरासरी थांबा किती?' या प्रश्नाला उत्तरच नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. कॅनडातल्या बॉर्डन या जागी 1982 मध्ये वाळूच्या भूजलथरात ट्रेसर सोडला होता. तिथे वाहकतेच्या (पाणी वाहू देण्याच्या क्षमतेच्या) लॉगॅरिदमचा व्हेरियन्स जेमतेम 0.29, आणि ट्रेसरचा ढग बराचसा पुस्तकाप्रमाणे वागला. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या कोलंबस हवाई तळावर 1986 मध्ये असाच प्रयोग सुरू झाला. तिथे हा व्हेरियन्स सुमारे 4.5 होता. ट्रेसरचा बराच भाग जिथे सोडला त्याच्या आसपासच रेंगाळला आणि पातळ झालेली पुढची धार दूरवर निघून गेली. तिथे घंटेच्या वक्ररेषेने काही जमेना, आणि त्या एका जागेवर पुढे कित्येक वर्षं वाद आणि अभ्यास होत राहिले. तुमच्या प्लगचा व्हेरियन्स 4 ते 5 आहे हे आता पुन्हा पाहा. तुम्ही बॉर्डनमध्ये नाही, कोलंबसमध्ये आहात.

एक गोष्ट ओघात सांगतो. डिस्पर्सिव्हिटी (वाहताना ट्रेसर किती पसरतो त्याचं लांबीतलं माप) हा खडकाचा ठरावीक गुणधर्म असल्यासारखी पुस्तकं कोष्टकं देतात. ती अंतराबरोबर वाढते. लॅबच्या कोअरमध्ये मिलिमीटर ते सेंटिमीटर, मैदानात मीटर ते दहा-वीस मीटर. प्रवासाच्या अंतराच्या दशांश हा ढोबळ अंदाज अजून वापरला जातो. कारण पुन्हा तेच: अंतर वाढलं की त्याहून मोठ्या मापाची विषमता वाटेत येते. कोअरमधून काढलेली डिस्पर्सिव्हिटी थेट क्षेत्राच्या मॉडेलमध्ये भरू नका.

आता हातात घेण्याची कामं. प्लग कुठून कापले ते विचारा. प्लग अखंड खडकातूनच निघतो; जिथे भेग होती, विरघळून झालेली पोकळी होती, तिथे कोअर तुटतो आणि प्लग निघत नाही. म्हणजे सर्वांत जास्त वाहणारा भाग तुमच्या नमुन्यात नसणार, आणि 900 हा तुमचा सर्वांत मोठा आकडा असला तरी थराचा असेलच असं नाही. त्या थरात विहिरीची दाब-चाचणी झाली असेल तर तिची पारगम्यता मिळवा. ती तुमच्या अंकगणिती मध्याच्याही वर असेल, तर भेगा किंवा जोडलेल्या पोकळ्या गृहीत धरूनच पुढे जा. प्लगची पारगम्यता वायूने मोजली असेल तर क्लिंकेनबर्ग दुरुस्ती (वायू बारीक रंध्रांत घसरून पारगम्यता जास्त दाखवतो, त्याची वजावट) झाली आहे का तेही पाहा. 3 मिलिडार्सीच्या प्लगला तिचा फरक पडतो, 900 च्या प्लगला जवळजवळ नाही, त्यामुळे दुरुस्ती राहिली तर तुमची वाटणी आहे त्यापेक्षा अरुंद दिसते.

मग पारगम्यता खोलीच्या क्रमाने मांडा, आकड्यांच्या क्रमाने नव्हे. पारगम्यता गुणिले जाडी यांची बेरीज वरून खाली करत जा आणि आलेख काढा. जिथे तो एकदम उंच उडी घेतो तो पट्टा मॉडेलमध्ये स्वतंत्र थर म्हणून ठेवा, भले तो अर्ध्या मीटरचा असो. थरांची संख्या कमी करायचीच असेल तर मंद थर एकत्र करा. जलद थर शेजाऱ्यात मिसळू नका. आणि एकच मॉडेल चालवून थांबू नका. तीच वाटणी आणि तोच व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसे आकडे किती वेगळे होतात याचा आलेख) ठेवून वेगवेगळ्या मांडण्या करा. पाणी येण्याच्या वेळेची जी पट्टी मिळेल ती पट्टी अहवालात द्या. मार्गदर्शक एक आकडा मागतील. पट्टीसकट द्या.

ट्रेसरसाठी आधी कोअरशिवाय, नुसत्या नळ्या आणि टोप्यांतून एक चाचणी घ्या, म्हणजे यंत्रातल्या मृत जागेची शेपटी वेगळी काढता येईल. मिठाचं पाणी जड असतं. कोअर आडवा ठेवला असेल तर ते तळाला बसून पुढे सरकतं आणि लवकर आल्यासारखं दिसतं, म्हणून सांद्रता कमी ठेवा. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड वापरून एकूण क्षारता सारखी ठेवलीत तर घनता जवळपास तीच राहते आणि खडकातली चिकणमाती फुगण्याचा धोकाही टळतो. बाहेर आलेल्या ट्रेसरचं वजन आत घातलेल्याशी जुळतं का ते तपासा. जुळत नसेल तर शेपटी अजून कोअरमध्येच आहे आणि तुम्ही मोजणी लवकर थांबवली आहे.

हे झालं की तोच प्रयोग दुसऱ्या, बऱ्याच कमी प्रवाहदराने करा आणि दोन्ही वक्ररेषा वेळेऐवजी सोडलेल्या रंध्र-आकारमानांवर (कोअरमधल्या एकूण पोकळीच्या किती पट पाणी सोडलं, यावर) मांडा. त्या एकमेकांवर बसल्या तर शेपटी जलद-मंद वाटांच्या फरकाची आहे. बसल्या नाहीत तर थांबलेल्या पाण्यात विसरण (डिफ्यूजन) होत आहे, कारण विसरणाला वेळ लागतो आणि कमी दराला तो जास्त मिळतो. ट्रेसर अर्ध्यावर असताना प्रवाह उलटा फिरवूनही पाहता येतं: वाटांच्या फरकाने झालेला पसारा परतताना बराच आवरतो, विसरणाने झालेला आवरत नाही. शेवटी दोन्ही अक्ष लॉगमध्ये ठेवून शेपटीचा उतार काढा. थोडा वेळ सोडलेल्या ट्रेसरची शेपटी उणे 1.5 च्या उताराने जात असेल तर भेगेतून शेजारच्या घट्ट खडकात शिरून परत येणारा ट्रेसर हे पहिलं कारण तपासायचं. हा उतार आणि दोन दरांच्या वक्ररेषा हाताशी असतील तर कोणतं मॉडेल बसवायचं ते ठरवता येईल. त्याआधी सॉफ्टवेअरमध्ये डिस्पर्सिव्हिटीचा रकाना भरू नका.